बघू का ऐकू? मराठी शाळांच्या सर-मॅडमना एका साऊंडवाल्याचं खुलं पत्र

खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांचे सगळे सर, मॅडम, तसंच एसडीएमसीचे (शाळा समितीचे) अध्यक्ष आणि सभासद यांना,

नमस्कार.

मी शिक्षक नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. मी साऊंडवाला. यात्रा, पारायण, लग्न, नाटक, जिथं म्हणाल तिथं माझे बॉक्स असतात. तुमच्यातल्या बऱ्याच शाळांच्या गॅदरिंगला माईक मीच लावलाय, त्यामुळं तोंडओळख आहेच. खाली नाव लिहीत नाही कारण घरातल्या दोन माणसांबद्दल लिहायचंय, आणि गावात नाव कळलं की गोष्ट कुठल्या कुठं जाते हे तुम्हाला सांगायला नको.

एक माझा भाचा, अक्काचा मुलगा, तिसरीत आहे, त्याला ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच लहानपणापासनं वेगळी. दुसरा माझा काका, साठी उलटलेला, त्याला तरुणपणापासनं स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे "ह्यांच्या घराण्यातच आहे" असं कोण म्हणायला नको.

झालं काय, की शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर अक्काला बोलावणं आलं. कुठली शाळा ते लिहीत नाही, आणि त्या सरांवर माझा रागपण नाही, चाळीस पोरं सांभाळायची म्हणजे काय ते मला गॅदरिंगच्या दोन तासांतच कळतं. तर सर म्हणाले, पोरगं उद्धट आहे. "माझ्याकडे बघ" म्हटलं की मुद्दाम खाली बघतंय, स्मार्ट क्लासचा टीव्ही लावला की कानावर हात ठेवतंय, चारदा सांगितलं तरी मान वर करत नाही, मग एकदा हनुवटीला धरून मान वर केली तर किंचाळत वर्गाबाहेर पळालं. अक्का रडत घरी आली. रात्री मी भाच्याला सहज विचारलं, काय शिकवलं रे आज सरांनी? तर त्यानं अख्खा धडा म्हणून दाखवला. शब्दाला शब्द. मध्ये सर जिथं खोकले होते तिथं खोकला, जिथं "ए मागचे गप बसा" म्हणाले होते तिथं तेवढ्याच जोरात "ए मागचे गप बसा". अक्का रडायची थांबली आणि हसायला लागली.

म्हणजे मान खाली होती तेव्हा कान पूर्ण चालू होते. मग मान वर केल्यावर असं काय झालं की पोरगं पळालं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला, कारण असला घोळ मी रोज निस्तरतो. चित्र आणि आवाज जुळत नसले की लोक साऊंडवाल्यालाच शिव्या घालतात.

आता थोडं माझ्या धंद्यातलं ऐका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. उजेडाचा वेग इतका की गावच्या मैदानात तो लगेच पोचला असंच धरायचं. यात्रेच्या नाटकाला स्टेजपासनं शंभर मीटर मागं बसलेल्या माणसाला राजाचं तोंड हललेलं आधी दिसतं आणि डायलॉग पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. म्हणून मध्येच एक जादा बॉक्स लावतात. पण वायरीतनं सिग्नल लगेच पोचतो, तर तो मधला बॉक्स स्टेजच्या आवाजाच्या आधीच बोलायला लागतो आणि मागच्यांना एकाच वाक्याचे दोन दोन आवाज ऐकू येतात. मग त्याला मुद्दाम उशीर लावायचा, मीटरला साधारण तीन मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग), ह्याला आम्ही डिले लावणं म्हणतो. ज्याला डिले लावता येत नाही त्यानं मोठ्या मैदानाचं काम घेऊ नये, असं माझे उस्ताद म्हणायचे.

आम्ही वेगवेगळे आवाज ज्या यंत्रावर जुळवून एकत्र करतो त्याला मिक्सर म्हणतात, आणि गंमत अशी आहे की असलाच एक मिक्सर मेंदूत बसवलेला आहे. ओठ हललेले डोळ्यानं दिसतात, आवाज कानानं येतो, दोन्ही वेगळ्या रस्त्यानं वेगळ्या वेळेला पोचतात आणि मेंदू ठरवतो की हे दोन्ही एकाच माणसाचं आहे, एकाच क्षणाचं आहे, जोडून टाका. थोडाफार उशीर तो माफ करतो. टीव्हीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर जे आकडे ठरलेत त्यात असं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाच्या लक्षात येतं, पण उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. आधी आलेला का चालत नाही? कारण वीज चमकते आणि मग गडगडतं, लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड पडते आणि मग ठक् येतं, उलटं कधी होत नाही. मेंदूला ती सवय आहे.

ही जी माफीची मुदत आहे ना, म्हणजे एवढ्या वेळात आलेलं चित्र आणि आवाज एकच धरायचं, तिला शास्त्रज्ञ एक खिडकी समजतात. खिडकी छोटी असेल तर जुळणी नेमकी होते. मोठी असेल तर जे एकमेकांचं नाही तेपण एकत्र शिरतं. लहान पोरांची खिडकी मोठ्यांपेक्षा मोठी असते आणि वय वाढेल तशी बारीक होत जाते, म्हणजे हा मिक्सर जन्मल्या जन्मल्या सेट होऊन येत नाही, वर्षानुवर्षं ऐकून-बघून सेट होतो.

आणि इथंच भाच्याची गोष्ट येते. अमेरिकेत मार्क वॉलेस आणि रायन स्टीव्हनसन या लोकांनी २०१४ साली ऑटिझम असलेल्या पोरांवरचं काम छापलं. त्यात असं दिसलं की बोलण्याच्या बाबतीत त्या पोरांची ही खिडकी बाकीच्या पोरांपेक्षा रुंद आहे. नुसता दिवा चमकला आणि टिक वाजलं एवढ्यासाठी फारसा फरक नाही, फरक पडतो तो बोलणारं तोंड आणि शब्द यांच्यात. आता हिशोब करा. आपण साधं बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरं तोंडातनं जातात, म्हणजे एका अक्षराला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. खिडकी त्याहून रुंद असेल तर ह्या अक्षराच्या आवाजाला पुढच्या अक्षराचे ओठ चिकटणार. "कमल" म्हणताना मचे बंद ओठ कच्या आवाजावर. हे उदाहरण माझं आहे, त्यांचं नाही, पण मिक्सरवर असं झालं तर मी काय करीन? एक चॅनेल बंद करीन. भाचा तेच करतो. डोळ्याचं चॅनेल बंद करून कानाचं उघडं ठेवतो. आणि सर त्याची हनुवटी धरून बंद केलेलं चॅनेल फुल्ल व्हॉल्यूमला उघडतात.

मला स्वतःला हे पटायला एक प्रयोग करावा लागला. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोघांनी नेचर नावाच्या शास्त्राच्या नियतकालिकात छापलेली गोष्ट आहे, यूट्यूबवर बघायला मिळते. माणूस तोंडानं "गा" म्हणताना दाखवायचा आणि आवाज लावायचा "बा" चा. बघणाऱ्या बऱ्याच जणांना ऐकू येतं "दा". डोळे मिटले की स्वच्छ "बा". डोळे उघडले की परत "दा". माहीत असूनपण कान फसतो. मी अक्काला मोबाईलसमोर बसवून "गा गा गा" म्हणायला लावलं, तिच्याच आवाजात "बा बा बा" वेगळं रेकॉर्ड केलं आणि लॅपटॉपवर एकावर एक बसवलं. ते जुळवायला अर्धी रात्र गेली, एवढं तर लग्नाच्या व्हिडिओला पण कधी केलं नाही. सकाळी गल्लीतली सहा-सात पोरं बोलावली. सगळी ओरडली दा! दा! एक म्हणालं ढा. माझ्या भाच्यानं स्क्रीनकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे बघून म्हणाला "बा". मी म्हटलं नीट बघ, परत एकदा. "मामा, बा आहे की. तुम्ही बा लावलाय."

आता एका पोरावरनं शास्त्र होत नसतं एवढं मलापण कळतं. पण ऑटिझम असलेल्या पोरांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर सरासरीनं ही फसगत त्यांच्यात कमी होते असंच दिसतं. सगळ्यांच्यात नाही, एकेकाचं वेगळं. काही पोरांना तर आवाज आणि झगमगाट जास्तच हवा असतो, डॉल्बीसमोरनं हलत नाहीत. (डॉल्बी म्हणजे आपल्याकडं बॉक्सची कुठलीही भिंत, त्या नावाच्या कंपनीचा काही संबंध नाही, उगाच कोण अंगावर यायला नको.) तर सगळ्यांना एकच माप लावू नका, एवढंच म्हणतोय.

भाच्याचा कान तपासून झालाय. चार वर्षाचा असताना सगळ्यांना वाटलं पोरगं बहिरं आहे, हाक मारली तरी बघत नाही. बेळगावला नेऊन टेस्ट केली तर कान ठणठणीत. डोळे ठणठणीत. मग पुढं बेंगलोरला गेलो, संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालो, निमहान्सला, म्हणजे तिथल्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला. तिथं ऑटिझम कळला. बोलायचं शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या पण त्यांची भाषा कन्नड आणि इंग्लिश, आमचं पोरगं मराठीत पण दहा शब्दांच्या वर नव्हतं. अक्का ते सगळं कन्नडमधनं ऐकून घरी मराठीत करायची. सीमाभागात राहणाऱ्या ऑटिझमवाल्या पोराची ही एक जादाची परीक्षा आहे, घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत दोन्ही आणि वर इंग्लिश. ओठ आणि आवाज जुळवायलाच ज्याला कष्ट पडतात त्याला तीन-तीन भाषांचे ओठ. ह्यावर मी भांडण काढत नाही, त्याला दुसरे लोक भरपूर आहेत.

आता काकाबद्दल. हा भाग लिहू का नको यावर दोन दिवस गेले. काकाला विचारलं, तो म्हणाला लिही, माझं नाव घालू नको, आणि "धारवाडला नेलं" असं लिहू नको. पण तेच लिहावं लागणार, कारण आपल्याकडं ती शिवी झालीय. कोण जरा विचित्र वागला की "ह्याला धारवाडला पाठवा". तिथं मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, आता त्याला डिमहान्स म्हणतात, आणि माझा काका आज माणसात आहे तो त्यांच्यामुळं.

तेव्हा तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता. चोवीस-पंचवीस वय. सांगायला लागला की वखारीतले लोक तोंड न उघडता मला बोलतात. पहिली चार वर्षं देवर्षी, अंगारा, लिंबू ह्यात गेली, त्याचं काय सांगत बसत नाही, तुमच्याही घराशेजारी कुठंतरी तेच चाललेलं असेल. मग गोळ्या सुरू झाल्या आणि बोलणारे लोक हळूहळू कमी झाले. पूर्ण गेले नाहीत, पण आता काका त्यांना ओळखतो.

एक गोष्ट मात्र गोळ्यांनी कधी बदलली नाही. काका टीव्ही बघत नाही. घरात मॅच लागली, सगळे ओरडालेत, काका उठून पडवीत जातो, डोक्यावर टॉवेल घेतो आणि कानाला रेडिओ लावतो. मी लहान असताना एकदा विचारलं, काका टीव्ही का बघत नाहीस? तो म्हणाला, "बघू का ऐकू? एक काय तर सांग." मला तेव्हा वाटलं चेष्टा करालाय.

नंतर, म्हणजे भाच्याच्या निमित्तानं हे सगळं वाचायला लागल्यावर कळलं, की १९६१ साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन यांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांना बसवून नुसतं विचारलं होतं, तुम्हाला नक्की काय होतं ते सांगा. त्यातल्या एकानं जवळपास काकाचंच वाक्य सांगितलंय, की टीव्हीवर लक्ष लागत नाही कारण पडदा बघायचा आणि बोललेलं ऐकायचं हे दोन्ही एकदम होत नाही. निपाणीच्या वखारीतला माणूस आणि तो परदेशातला माणूस, दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नाही. मी तो भाग काकाला मराठीत सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बघ. मी खोटं बोलत नव्हतो."

स्किझोफ्रेनियामध्येसुद्धा चित्र-आवाज जोडायची ती खिडकी रुंद असल्याचं अभ्यासात दिसलंय. आणि २००७ मध्ये न्यूयॉर्ककडच्या संशोधकांनी एक साधी टेस्ट केली होती, गोंगाटात शब्द ऐकवायचे, एकदा नुसते आणि एकदा बोलणाऱ्याचं तोंड दाखवून. तोंड दिसलं की सगळ्यांनाच जास्त कळतं. पण स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांना तो फायदा बराच कमी मिळाला. ऐकण्यात कमी नव्हते, जोडण्यात मागं पडत होते. ह्याच्यामुळंच त्यांना नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, असा अर्थ मात्र कुणी काढू नका, ती गोष्ट वेगळी.

तोंड दिसल्यानं किती फरक पडतो हे आमच्या भाषेत सांगायचं तर, १९५४ साली सम्बी आणि पोलॅक या दोघांनी मोजलं होतं, भरपूर गोंगाटात बोलणाऱ्याचे ओठ दिसणं म्हणजे आवाज १५ डेसिबलपर्यंत वाढवून दिल्यासारखं. १५ डेसिबल! मला तेवढा आवाज वाढवायचा असेल तर तीसपट पॉवर लागते, जनरेटर बसेल. आणि तुमच्या वर्गातली अडतीस-एकोणचाळीस पोरं हे १५ डेसिबल फुकटात घेतात, एकाला ते मिळत नाही, उलट त्याचा त्रास होतो. जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस लागला की पत्र्यावर काय आवाज असतो ते वेगळं सांगायला नको, सर फळ्यापाशी ओरडतात आणि तिसऱ्या बाकावर नुसते हातवारे पोचतात. बाकीची पोरं ओठ बघून निभावतात. आमच्या पोराला तेव्हा शाळाच नको होते आणि अक्काला वाटतं पाऊस आवडत नाही म्हणून रडतंय.

एक बरी गोष्ट सांगतो, ही वाचून मला त्या रात्री शांत झोप लागली होती. जॉन फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये छापलं की ज्यांना बऱ्यापैकी बोलता येतं अशी ऑटिझमवाली पोरं ह्या गोंगाटातल्या टेस्टमध्ये प्राथमिक शाळेच्या वयात खूप मागं असतात, पण तेरा ते पंधराच्या वयापर्यंत बाकीच्यांना गाठतात. म्हणजे मिक्सर उशिरा सेट होतो. आमचा आठ वर्षांचा आहे. हायस्कूलला जाईपर्यंत कदाचित त्याला सरांच्या तोंडाकडे बघून ऐकता येईल. पण तोवर प्राथमिक शाळेनं त्याच्यावर उद्धट असा शिक्का मारला आणि त्यानं शाळा सोडली तर तो हायस्कूलला जाणार कसा?

शिक्क्यावरनं आठवलं. ऑटिझम हा शब्द मुळात कुठनं आला माहितीय का? स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर, ज्यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, त्यांनीच स्किझोफ्रेनियाचे काही पेशंट स्वतःतच बुडून जातात म्हणून त्या लक्षणाला ऑटिझम म्हटलं होतं. पुढं १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची माहिती छापताना तो शब्द उचलला. त्यानंतर कितीतरी वर्षं ऑटिझमवाल्या पोरांना बालपणीचा स्किझोफ्रेनिया म्हणत होते, १९८० च्या मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत दोन्ही कागदावर वेगळे झाले. आणि डोळ्या-कानांना जास्त किंवा कमी टोचणं हे ऑटिझमच्या लक्षणांत लिहायला २०१३ साल उजाडलं. आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. मला तो शब्द आवडत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं पोरगं स्वतःच्याच नादात आहे, त्याला बाहेरचं काही नकोय. जो पोरगा सरांच्या खोकल्यासकट धडा म्हणतो तो कुठला स्वतःत मग्न? स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, तो शब्द तर विचारूच नका, काकाच्या समोर कुणी उच्चारला तर मी उठून जातो.

तर आता मागणं. कायद्याची भाषा मला येत नाही, पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जी २१ प्रकारांची यादी आहे त्यात ऑटिझमसुद्धा आहे आणि मानसिक आजारसुद्धा आहे, म्हणजे माझा भाचा आणि काका दोघंही त्यात येतात. तालुक्याला विशेष गरजांच्या पोरांसाठी बीआयईआरटी शिक्षक असतात, त्यांना एकदा वर्गात बोलवून घ्या, नुसतं रजिस्टरवर नको. पण माझं मेन मागणं त्याहून लहान आहे आणि त्याला बीईओ ऑफिसची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची) परवानगी लागत नाही.

"माझ्याकडे बघ" म्हणू नका. तो खाली बघत असेल तर बघू दे, धडा संपल्यावर एक प्रश्न विचारा, उत्तर देतो का बघा. पटकन उत्तर नाही आलं तर जरा थांबा, दहापर्यंत मनात मोजा आणि मोजताना परत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू नका, नाहीतर त्याची डोक्यातली जुळवाजुळव पहिल्यापासनं सुरू होते. फळ्यावर लिहिताना बोलायची तुमची सवय असते, पाठ वर्गाकडे, तोंड फळ्याकडे, खडूचा आवाज, वर फॅन. त्यापेक्षा आधी बोला, मग गप बसून लिहा. असं केलं तर मागच्या बाकावरच्या बाकी पोरांनापण जास्त कळेल, आमच्या एकट्यासाठी करताय असं वाटून घेऊ नका. मागं एकदा एका मॅडमनी आपणहून असं करून बघितलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं, अक्का अजून त्यांचं नाव काढते. आणि हनुवटीला हात लावू नका. ह्यावर मी काही समजावून सांगत नाही.

दुसरं, तो स्मार्ट क्लासचा टीव्ही. मी भाच्याला सोडायला गेलो होतो तेव्हा खिडकीतनं बघितलं. कुणीतरी शाळेला ब्लूटूथ स्पीकर भेट दिलाय, आवाज मोठा येतो म्हणून टीव्हीला तोच जोडलेला. बाई टीव्हीवर तोंड मिटून उभी आणि तिचं वाक्य अजून चाललंय! ब्लूटूथनं आवाज जाताना शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खातो, कधी त्याहून जास्त. मोठी पोरं त्यावर हसत होती, म्हणजे त्यांना ते कळत होतं. ज्याच्या मिक्सरमध्ये आधीच जुळणीची अडचण आहे त्याला तुम्ही न जुळणारंच देताय, आणि वर म्हणताय लक्ष देऊन बघ. ह्याचा इलाज शंभरएक रुपयांची वायर आहे. टीव्हीच्या मागं भोक असतं, स्पीकरला भोक असतं, दोन टोकं दोन्हीकडं घाला, उशीर संपला. वायर नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागं-पुढं करायची सोय बऱ्याच वेळा असते, पण आवाज आधीच उशिरा येत असला की तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून वायरच बरी. आणि आवाज थोडा कमी ठेवा हो. वर्गात बॉक्स नसतो, तो माझ्याकडं असतो.

हे काम मी फुकट करून देतो. खानापूर तालुक्यातली कुठलीही मराठी शाळा असू दे, कन्नड शाळेनं बोलावलं तरी येतो, माझी वायर भाषा विचारत नाही. मुख्याध्यापकांनी गॅदरिंगच्या वेळी ज्या नंबरला फोन करतात त्याच नंबरला करावा. फक्त गणपतीच्या आधी करा, एकदा सीझन लागला की दिवाळीपर्यंत माझा फोन मलाच सापडत नाही.

माझ्याबरोबर काका येईल. माझ्या सगळ्या वायरी तोच गुंडाळतो, इंग्रजी आठाच्या आकड्यात, एकही पीळ न पडता, चाळीस मीटरची वायर फेकली की सरळ उलगडते, आख्ख्या तालुक्यात असं कुणाला जमत नाही. त्याला चहा चालतो, साखर कमी. काही विचारायचं असेल तर विचारा, नीट उत्तर देतो. फक्त तेवढ्या वेळ टीव्ही बंद ठेवा.

तुमचा,
एक साऊंडवाला
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव